पहिला घास

कुत्र्यांनाही पायरी असते, हे गोजरबाईला दुष्काळी कामावर आल्यावर कळलं. माणसांची पायरी तिला जन्मापासून पाठ होती. ती शिकायला शाळेत जावं लागत नाही.

परतूरपासून काही कोसांवर पाझर तलावाचं काम निघालं होतं. बहात्तर साल कोरडं गेलं, त्र्याहत्तरचा उन्हाळा डोक्यावर येऊन बसला आणि ज्यांनी जन्मात दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता त्या घरच्या बायासुद्धा पदर डोळ्यांपर्यंत ओढून खडी फोडायला येऊन बसल्या. हातोडीला कुणाची ओळख नसते. ती सगळ्यांच्या हाताला सारखेच फोड आणत होती.

गोजरबाईचं वय खडी फोडण्याचं राहिलं नव्हतं. तिची हजेरी लागायची ती लेकरं सांभाळण्याची. खदानीच्या अलीकडे, टेकाडाच्या आडोशाला एक जुना कडुनिंब होता. आया सकाळी येताना लुगड्याच्या झोळ्या त्याच्या फांद्यांना बांधायच्या, लेकरू आत टाकायच्या आणि टेकाड ओलांडून कामावर जायच्या. रांगणारी, चालणारी पोरं खाली गोणपाटावर असायची. गोजरबाईची सून कौसल्या, तिचं सहा-सात महिन्यांचं पोरगंही त्यातच होतं. दुपारी सरकारी सुकडी यायची, भाजलेल्या पिठाची, गुळमट. गोजरबाई पातेलं मांडीशी घेऊन ती पोरांना वाटायची. तळाला राहील ते खरवडून कुत्र्यांना टाकायची.

सगळ्या झोळ्या कडुनिंबाला होत्या. एकच नव्हती.

ती होती दुर्गाबाईची. गावातल्या जुन्या जमीनवाल्या घरची सून. दावणीचे बैल गेले, विहिरीचा तळ दिसला, तेव्हा सासऱ्यानेच मान खाली घालून तिला कामावर पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं कडुनिंबाकडे पाहिलं, तिथल्या झोळ्या कुणाकुणाच्या आहेत ते पाहिलं आणि आपली झोळी पलीकडच्या हिवराला नेऊन बांधली. "तिकडं वारं बरं लागतंय," म्हणाली. हिवराची सावली म्हणजे चाळणीतून गाळलेलं ऊन.  आणि जाता जाता दुर्गाबाई गोजरबाईला म्हणाली, "रडला तर मला हाळी देजो. झोळीला हात नको लावू." हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं. शेजारणीला ऊन फार पडलंय म्हणावं तसं म्हटलं, आणि म्हणूनच ते गोजरबाईला दिवसभर सलत राहिलं.

"बरं बाई," एवढंच ती म्हणाली होती. अशा वेळी एवढंच म्हणायची तिला सवय होती.

कुत्री आली ती मेलेल्या ढोरांच्या मागे. त्या वर्षी ढोरं पटापट मेली. पूर्वी गावात ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम गोजरबाईच्या माणसांचं होतं. तिचा नवरा पुंजाराम आणि त्याचे भाऊ छप्पन सालापर्यंत ते ओढत होते. दीक्षा घेऊन आले त्या दिवशी पुंजारामनं दोर चुलीत घातला आणि म्हणाला, "आता ज्याचं ढोर त्यानं ओढावं." त्यावरून गावानं चार वर्षं त्यांच्याशी धड व्यवहार केला नाही, पण दोर परत वळला गेला नाही. आता पुंजाराम नव्हता. ज्याचं ढोर तोच ओढत होता, नाकाला उपरणं बांधून, आणि गावापासून लांब म्हणून कामाच्या हद्दीजवळच्या खळग्यात आणून टाकत होता. गोजरबाईला त्या वासाचा त्रास व्हायचा आणि त्या उपरण्यांची गंमतही वाटायची.

खळग्यात कुत्री पोसली. गावोगावची, धनी नसलेली, चांगली डझनभर जमली. कामावरच्या बायांना हसायला निमित्त हवंच असतं. त्यांनी कुत्र्यांना नावं दिली. सगळ्यात पुढचा, रुंद छातीचा, एका कानाचा अर्धा तुकडा उडालेला तांबडा कुत्रा, तो ओव्हरशेर. कारण कामावरच्या ओव्हरसियरसारखा तो काही न करता सगळीकडे फिरून बघायचा. त्याच्या मागे तोंड लांब असलेला करडा, तो कारकून. कारकुनाच्या तोडीची एक पांढरी-काळी कुत्री, रंगी. मग बाकीचे. आणि सगळ्यात शेवटी एक बरगड्या दिसणारी, शेपूट कायम पोटाशी घेतलेली कुत्री. तिच्या वाट्याला पातेल्याची खरवडसुद्धा दुसऱ्यांनी चाटून झाल्यावर यायची. तिचं नाव खरवडी.

जेवायची रीत ठरलेली होती. पहिला घास ओव्हरशेरचा. तो खात असताना बाकीचे वाढप्याची वाट बघणाऱ्या पंगतीसारखे गप्प बसून राहायचे. तो मागे सरला की कारकून आणि रंगी, मग बाकीचे, मग खरवडी. कुणी पायरी चुकवली तर ओव्हरशेर भुंकायचा नाही. नुसता मान वळवून पाहायचा आणि चुकणारा पोटावर पडायचा. गोजरबाई रोज हे बघायची. तिला त्या ओव्हरशेरचा संताप यायचा. सगळ्यांच्या आधी तोंड घालणारा तिनं जन्मभर पाहिला होता, कधी गावात, कधी घरात. लहानपणी ती आईबरोबर दारोदार भाकर मागायला जायची तेव्हा घरची जेवलेली, गडी जेवलेले, मग उरलेलं टोपल्यात पडायचं. लग्नानंतर नवरा, दीर, पोरं, आणि मग ती. पुंजारामनं दोर जाळला, पण जेवताना तिला आधी बस असं त्यालाही कधी सुचलं नाही. खरवडीकडे पाहून तिला वाटायचं, ही आपलीच कुणीतरी लागते. म्हणून ती एक मूठ वेगळी काढून लांब फेकायची. ओव्हरशेरचं लक्ष नसेल तेव्हा.

कामाच्या हद्दीवर एक चुना फासलेला दगड रोवलेला होता. कुत्री त्या दगडापलीकडे बसायची. ओव्हरशेर दगडाजवळ यायचा, उभा राहायचा, झोळ्यांकडे टक लावून बघायचा आणि माघारी जायचा. हे रोजचं होतं. गोजरबाई काठी मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघायची. तिला खात्री होती की तो झोळ्या मोजतो आहे.

होळी झाल्यावर खळग्यातली ढोरं संपली. जी जित्राबं उरली होती ती छावणीत गेली किंवा बाजारात. हाडं गोळा करणारे गाडीतून हाडं घेऊन गेले. कुत्र्यांच्या बरगड्या वर आल्या. आणि एका दुपारी गोजरबाई पोरांची तोंडं पुसत असताना वर पाहते तर ओव्हरशेर दगड ओलांडून आत आला होता. तो हिवराखाली उभा होता, दुर्गाबाईच्या झोळीच्या बरोबर खाली, नाक वर करून.

गोजरबाई काठी घेऊन धावली. तो पळाला नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग दगडाकडे पाहिलं. तिथं कारकून आणि रंगी पुढचा पाय आत टाकून उभे होते. ओव्हरशेर सावकाश वळला, त्या दोघांना छातीनं मागे रेटत दगडापलीकडे घेऊन गेला. सगळं टोळकं त्याच्या मागोमाग गेलं. गोजरबाईनं हे डोळ्यांनी पाहिलं. पण भ्यालेलं माणूस जे पाहतं ते त्याला दिसतंच असं नाही. तिला एवढंच दिसलं की तो आत आला होता.

तिनं दुर्गाबाईला सांगितलं. दुर्गाबाईचा चेहरा पांढरा पडला. पोराला छातीशी घट्ट धरून ती उभी राहिली.

"दुर्गाबाई, झोळी इकडं लिंबाला बांधा," गोजरबाई म्हणाली. "म्या एकटी दोन्हीकडं कुठवर पुरू?"

दुर्गाबाईनं कडुनिंबाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कौसल्याचं पोरगं तिथं पाय झाडत खिदळत होतं.

"त्या कुत्र्यालाच मारा ना," ती शेवटी म्हणाली.

झोळी दोन झाडं इकडे आणण्यापेक्षा कुत्रं मारणं सोपं. गावाचं गणित कायम असंच असतं, आणि वाईट याचं वाटतं की त्या दिवशी गोजरबाईलाही ते गणित पटलं. ती टोळीच्या मुकादमाकडे, रामकिसनकडे गेली.

रामकिसन मनानं बरा माणूस होता, फक्त प्रत्येक गोष्टीचा निकाल जल्दी लावायची त्याला खोड होती. "सगळ्यायला कशाला मारायचं?" तो म्हणाला. "म्होरक्या गेला की बाकीची पांगतील. पहिला घास त्योच खातोय ना? मंग झालं. घासात कुचला द्यायचा. बराबर त्यालाच लागल."

त्यानं परतूरहून कुचल्याची विषारी पूड आणली. पण ओव्हरशेर रामकिसनच्या हातचं खाईना. फेकलेला तुकडा हुंगून तो बाजूला झाला. तो सुकडी खायचा ती एकाच माणसाच्या हातची. तेव्हा सुकडीत पूड कालवून लाडवाएवढी गोळी गोजरबाईनंच वळली आणि चुन्याच्या दगडाशी ठेवली.  ओव्हरशेर आला. नेहमीसारखा तिच्याकडे पाहत आला. खरवडी भुकेनं वेडी होऊन गोळीकडे सरकली, तर त्यानं मान वळवून तिला जागीच बसवलं आणि गोळी स्वतः खाल्ली.

तो खळग्याकडे गेला आणि तिथं मेला. त्याला मरायला वेळ लागला. बाया कानांवर पदर घेऊन खडी फोडत राहिल्या. टोळकं त्याच्याभोवती गोल बसून होतं, आणि एवढ्या भुकेतही त्याच्या मांसाला कुणी तोंड लावलं नाही. गोजरबाईनं त्या दिवशी भाकर तशीच फडक्यात बांधून परत नेली. तिला वाटलं ऊन लागलं असेल.

रामकिसन म्हणाला होता बाकीची पांगतील. पांगली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून खळग्यातून नुसता कालवा ऐकू यायला लागला. कारकून आणि रंगी एकमेकांचे गळे धरत होते. सकाळी एक वर, संध्याकाळी दुसरा वर. मधल्या कुत्र्यांना कुणाच्या बाजूला बसावं कळेना, ती दोघांचाही मार खात होती. आणि मार खाल्लेलं प्रत्येक कुत्रं तो मार शेवटी खरवडीवर काढत होतं. तिचा एक कान रक्तानं माखला. तिला खळग्यातच जागा उरली नाही, तेव्हा ती सरकत सरकत चुन्याच्या दगडापर्यंत आली. दगडाला पाठ लावून बसली. आणि मग एका सकाळी दगडाच्या अलीकडे बसलेली दिसली.

गोजरबाईनं काठी आपटली. खरवडी उठली, चार पावलं गेली, पुन्हा येऊन बसली. तिला काठीपेक्षा मागच्यांची भीती जास्त होती. दुसऱ्या दिवशी तिच्यामागे आणखी दोन अलीकडे आली. हद्द नावाची गोष्ट त्या दगडात नव्हती. ती ओव्हरशेरमध्ये होती, आणि त्याच्याबरोबर गोजरबाईच्या हातानं मेली होती.

"रामकिसनभाऊ, हे बिलकुल बरं दिसून न्हाई राह्यलं," ती संध्याकाळी म्हणाली. "तो होता तवा एकबी आत येत नव्हतं. आता कोण कुठून येईल काय नेम?"

"अगं, आज-उद्या जातील," रामकिसन म्हणाला. "खायला काय ठेवलंय इथं?"

हाच तर प्रश्न होता. खायला काय होतं इथं, ते गोजरबाई झोपेतसुद्धा मोजत होती. कडुनिंबाला सगळ्या झोळ्या आणि हिवराला एक.

ते दुसऱ्या दिवशी भरदुपारीच घडलं, उन्हात, सगळं लख्ख दिसत असताना. खदानीत सुरुंग उडवायचा होता. सुरुंगाची रीत अशी की लाल फडकं वर गेलं की सगळ्यांनी नाल्यापलीकडे जायचं आणि शिटी होईपर्यंत टेकाडाच्या वाटेवर कुणी फिरकायचं नाही. कडुनिंब टेकाडाच्या आड, दगड तिथवर येत नसत, म्हणून लेकरं आणि गोजरबाई तिथंच राहायची. एरवी तिला ती वेळ आवडायची. हातोड्या थांबायच्या आणि पोरं गाढ झोपायची.

फडकं वर गेलं. बाया नाल्याकडे गेल्या. हातोड्या थांबल्या. त्या शांततेत गोजरबाईला फडफड ऐकू आली.

खरवडी हिवराखाली होती. दुर्गाबाईच्या झोळीचं एक टोक खाली लोंबत होतं, ते तिच्या तोंडात होतं आणि ती पुढचे पाय रोवून ते ओढत होती. झोळी हेलकावत होती. आतून पोर रडायला लागलं. आणि चुन्याच्या दगडावरून बाकीची आत येत होती. पुढे कारकून, डाव्या अंगानं रंगी, मागे सगळी. भुंकत नव्हती. भुंकली असती तर बरं वाटलं असतं.

गोजरबाईनं दगड उचलून भिरकावला. तो कारकुनाच्या बरगडीवर बसला. कुत्री फुटली, अर्धी मागे झाली आणि अर्धी वळसा घालून कडुनिंबाकडे निघाली. तिनं पलटून काठी उगारली. तशी हिवराकडची पुन्हा पुढे आली. ती इकडे धावली की तिकडची पुढे, तिकडे धावली की इकडची पुढे. गोणपाटावरची पोरं रडत उठली. नाल्यापलीकडे हाक गेली असती, पण तिथून येणारी वाट सुरुंगाच्या तोंडावरून होती. आणि हाक ऐकून आया वाट बघत बसल्या असत्या का? त्या सुरुंगावरून धावल्या असत्या. गोजरबाईनं तोंडावर हात दाबून धरला.

ओव्हरशेर होता तेव्हा एक मान वळली की सगळं टोळकं वळायचं. हे तिच्या मनात आलं आणि तिला उमगलं. तो झोळ्या मोजत नव्हता. तो राखत होता. काय समजून राखत होता देव जाणे. रोजचा घास इथून मिळतो म्हणून असेल, किंवा पातेलंवाली म्हातारी आणि तिची पिल्लं आपल्यातलीच म्हणून असेल. त्या दिवशी तो हिवराखाली आला तो कारकुनाच्या आधी येऊन उभा राहायला आला होता. आणि आपण त्याला स्वतःच्या हातानं गोळी वळून दिली.

रडायला वेळ नव्हता. टोळक्याला म्होरक्या नव्हता, आणि म्होरक्या म्हणजे काय ते तिनं इतके दिवस रोज बसून पाहिलं होतं.

तिनं काठी टाकून दिली. सुकडीचं पातेलं उचललं. पोरांची दुपारची सुकडी त्यात तशीच होती. दोन झाडांच्या मध्ये एक सपाट खडक होता, तिथं ती चालत गेली. पळाली नाही. पाऊल तिनं सावकाश टाकलं. कुत्र्यांनी पातेलं ओळखलं. हिवराकडची थांबली, कडुनिंबाकडची थांबली. सगळी तोंडं तिच्याकडे वळली. खरवडीनंही झोळी सोडली.

गोजरबाई खडकावर बसली. पातेलं पुढ्यात ठेवलं आणि त्यात हात घालून पहिला घास स्वतःच्या तोंडात टाकला.

कारकून पुढे आला. अगदी जवळ, त्याच्या तोंडाची घाण तिच्या चेहऱ्यावर येईपर्यंत जवळ. त्याचे ओठ वर गेले होते. तिच्या मनात आलं की पातेलं त्याच्याकडे लोटावं आणि पळावं. जन्मभर ती तेच करत आली होती. कुणीही जवळ येऊन उभं राहिलं की तिचा हात आपोआप ताटावरून मागे यायचा. आत्ताही हात मागे यायला लागला. तो तिनं पातेल्याच्या काठावर दाबून धरला. कारकुनाच्या डोळ्यांत डोळे घातले. आणि दुसऱ्या हातानं दुसरा घास घेतला.

सुकडी कोरडी होती. घशाला चिकटली. ठसका आला असता तर सगळं संपलं असतं. तिनं तो घास थुंकीसकट हळूहळू खाली उतरवला आणि तिसरा घेतला. मागे हिवराला पोर टाहो फोडत होतं. कडुनिंबाखाली तिचा नातू रडत होता, त्याचा आवाज तिला इतर सगळ्या आवाजांतून वेगळा ऐकू येत होता. तिनं मान वळवली नाही. ती चावत राहिली.

कारकुनाची नजर आधी खाली गेली. मग मान. मग तो बसला.

त्याच्या मागे रंगी बसली. मग बाकीची एकेक. तेव्हाच सुरुंग उडाला. जमीन हादरली, कडुनिंबावरून पाला पडला, कुत्री दचकून अर्धी उठली आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती उठली नाही. म्हणून कुत्रीही पुन्हा बसली.

पोटभर झालं असं दाखवून गोजरबाईनं हात झटकला. मग एक मूठ कारकुनापुढे टाकली. त्यानं खाल्ली. मग रंगी. मग मधली सगळी, पायरीपायरीनं. कुणी पुढे घुसायला लागलं की ती नुसती मान वळवून बघत होती. सगळ्यात शेवटी खरवडी पोटावर सरपटत आली. तिच्यापुढे टाकायची मूठ गोजरबाईनं जरा मोठी भरली, पण तिची पाळी आधी आणली नाही. आणावीशी फार वाटली. आणली असती तर कारकून पुन्हा उभा राहिला असता, हे तिला आता कळत होतं, आणि ते कळणं तिला मुळीच आवडलं नाही.

शिटी झाली. बाया टेकाडावरून उतरल्या आणि वरच थबकल्या. खाली खडकावर म्हातारी बसली होती, पातेलं रिकामं, आणि तिच्याभोवती सगळं टोळकं गुमान बसलेलं. गोजरबाई उठली. चुन्याच्या दगडाकडे चालत गेली. कुत्री उठून तिच्या मागोमाग गेली आणि दगडापलीकडे जाऊन बसली.  मग गोजरबाई दगडाला धरून खाली बसली.

दुर्गाबाई धावत हिवराकडे गेली. झोळीच्या टोकाच्या चिंध्या झाल्या होत्या, त्यांवर दातांच्या खुणा आणि लाळ होती. पोर रडून लाल झालं होतं, पण अंगावर ओरखडा नव्हता. कौसल्यानं आपलं पोर उचललं, पदराखाली घेतलं आणि सासूजवळ येऊन बसली. 

"पोरायची सुकडी म्या खाल्ली," गोजरबाई कौसल्याला म्हणाली. "आज उपाशी राह्यली लेकरं."

दुर्गाबाई हिवराची गाठ सोडत होती. गाठ सुटत नव्हती. शेवटी तिनं दातांनी सोडली. झोळी घेऊन ती कडुनिंबाखाली आली. कुठल्या फांदीला बांधावी म्हणून जरा घुटमळली आणि मग बाकीच्यांपेक्षा वीतभर वरच्या फांदीला बांधली. गोजरबाईनं ते पाहिलं. अशाही अवस्थेत तिला हसू आलं. असू दे, तिच्या मनात आलं. सावली तर एकच आहे.

"गोजरबाई," दुर्गाबाई तिच्याकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून हा रडला तर तुमीच घ्या."

रामकिसनला सगळा प्रकार बायांनी सांगितला. त्यानं फाटलेली झोळी पाहिली, दगडापलीकडे रांगेनं बसलेली कुत्री पाहिली आणि त्याच्या अंगात एकदम धावपळ आली. तो आपल्या झोपडीतून कागदाची पुडी घेऊन आला.

"कुचला उरलाय अजून," तो म्हणाला. "आता एकबी ठेवायचं न्हाई. उद्याच्या सुकडीत कालवून देतो आन् खटकाच मिटवून टाकतो."

बाया त्याच्याकडे बघत होत्या. कुणी नको म्हणालं नाही. दुर्गाबाईनं गोजरबाईकडे पाहिलं.

गोजरबाई दगडाला धरून उभी राहिली. दगडापलीकडे कारकूनही उठला. रंगी उठली. मग एकामागून एक सगळी उठली आणि तिच्याकडे बघत राहिली. त्यांच्या पुढची एक जागा तशीच मोकळी होती. तिथं तांबडा, अर्ध्या कानाचा उभा राहायचा.

"रामकिसनभाऊ," ती म्हणाली, "त्यायच्यात आता पहिला घास माझा हाय. कालवायचा आसंल तर कालवा. पर आधी मला द्यावा लागल."

रामकिसननं पुडीकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. मग पुडी खिशात टाकली आणि हजेरी घ्यायची राहिली म्हणत खदानीकडे गेला. गोजरबाईनं रिकामं पातेलं उचललं आणि उद्यासाठी ते घासायला घेतलं.